कुंभारआळीतला धूर

नदीकाठच्या एका राज्यात राणोजी नावाचा कुंभार राहत होता. हात बरा होता, पण नजर कायम शेजाऱ्याच्या चाकावर. शेजारी मल्लय्या. तो तरुणपणी पलीकडच्या राज्यातून पोट भरायला आला आणि इथेच रमला. त्याच्या माठातलं पाणी भर उन्हाळ्यात गार राही. बाजारात बायका राणोजीच्या माठाला टिचकी मारून तो खाली ठेवत आणि मल्लय्याचा उचलत. राणोजीच्या अंगाचा तिळपापड होई. एकदा त्याने बायकोकरवी मल्लय्याचा माठ गुपचूप आणवला आणि फोडून पाहिला. आत मातीच निघाली. त्याचाही त्याला राग आला.

कुंभारआळीची एक रीत होती. कुणाच्याही घरी माणूस गेलं, की त्या दिवशी आळीतली एकही भट्टी पेटत नसे. मल्लय्या ही रीत मनापासून पाळी. राणोजीचे वडील गेले तेव्हा तर त्याने पेटलेली भट्टी विझवली आणि अख्खा माल वाया घालवला.

मग एका सकाळी मल्लय्याची म्हातारी आई गेली. राणोजीच्या शब्दाला आळीत मान होता, म्हणून सगळे त्याच्या तोंडाकडे पाहू लागले. बाजार जवळ आला होता आणि मल्लय्या घरात अडकलेला. अशी संधी राणोजी कशाला सोडतो?

"रीत आपल्या माणसांसाठी असते," तो म्हणाला. "हा परमुलखातला."

त्याने स्वतःची भट्टी पेटवली. मागोमाग सगळ्यांनी पेटवल्या. म्हातारीची तिरडी त्या धुरातूनच गेली.

मल्लय्या कुणाशी भांडला नाही. तेरावं उरकलं आणि त्याने गाढवांवर सामान लादलं. राणोजीला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, तरी त्याने तोंडदेखलं विचारलं, की एवढा जम बसलाय, मग का चाललास?

"पोटाला इथे कधी कमी पडलं नाही, राणोदादा," मल्लय्या म्हणाला. "पण माझी आई गेली, तेव्हा इथे कुणाचंच कुणी गेलं नव्हतं."

वर्षभरात परमुलखातले तेली राज्य सोडून गेले, साळी गेले, गवंडीही गेले. त्यांना कुणी वाकडा शब्द बोललं नव्हतं. त्यांनी फक्त तो धूर पाहिला होता. बाजारातली मोक्याची जागा आता राणोजीला मिळाली, गिऱ्हाईक मात्र निम्मंही उरलं नाही. तो माठांपुढे रिकामा बसून राही, आणि नदीपलीकडे मल्लय्याचे माठ कसे हातोहात खपतात हे कुणी सांगितलं, की पुन्हा जळफळे.

तात्पर्य: परमुलखातला माणूस भाकरीसाठी येतो, पण त्याचं दुःख कुणी आपलं मानलं नाही तर भरल्या ताटावरून उठून जातो, आणि मत्सरापोटी त्याला परका ठरवणाऱ्याच्या वाट्याला शेवटी मत्सरच उरतो.