धुराची अक्षरे

एकदा एका नगरात फलक रंगवणारे एक वृद्ध गुरू होते आणि त्यांचे शिष्य दोन होते. एकच असता तर ही गोष्ट घडलीच नसती. थोरला चित्रांत निष्णात, धाकटा अक्षरांत. थोरला सात वर्षे रंग घोटत आलेला, धाकटा अगदी परवाचा. तरी गुरुजींनी धाकट्याच्या अक्षराला दोनदा ‘वा’ म्हटले होते आणि थोरल्याच्या चित्राला एकदाच. हे थोरल्याला तोंडपाठ होते. हसू नका. पंगतीत सख्ख्या भावाच्या पानात किती पुऱ्या पडल्या, हे तुम्हीही मान न वळवता सांगाल.

एके दिवशी वरातीत वाजवणारा एक बँडमास्तर आला. काखेत परदेशी रॉक बँडच्या जुन्या रेकॉर्डचे कव्हर.

“गुरुजी, आमच्या बँडचा फलक असा करून द्या. बघणारा खिळला पाहिजे.”

गुरुजींनी थोरल्याला चित्र आणि धाकट्याला अक्षरे सोपवली. म्हणाले, “कोपऱ्यात दोघांचीही नावं घाला.”

कोपऱ्यात नाव घालण्याची परवानगी म्हणजे शिष्य कारागीर झाल्याची खूण. तिची थोरल्याने सात वर्षे वाट पाहिली, आणि मिळाली ती वाटणीत.

तो रंगवू लागला. दोन घोडे, झुंबर, कर्णा, फुलांची कमान, शिवाय एक मोर. चार दिवसांत फलक काठोकाठ भरला. अक्षरांसाठी तळाशी चार बोटांची पट्टी उरली.

धाकटा म्हणाला, “दादा, बँडचं नाव इथं लिहू? मुंग्या वाचणार का?”

“हात चांगला आहे ना तुझा? मग जागा कशाला लागते?”

बँडमास्तराने फलक पाहिला. “गुरुजी, ही तर सर्कस झाली. मी दुसरीकडे बघतो.”

थोरल्याचा चेहरा उतरला. फलक गेला की कोपऱ्यातले नावही गेले.

“थांबा जरा,” असे म्हणून गुरुजींनी ते कव्हर थोरल्यापुढे ठेवले. “यात काय दिसतं?”

“चित्रकाराचा आळस. खाली कोपऱ्यात एवढासा ज्वालामुखी, बाकी सगळं आभाळ मोकळं. आणि अक्षरं बघा, भिजलेल्या पावासारखी फुगलीत.”

गुरुजींनी खांद्यावरचा पंचा अक्षरांवर टाकला. “आता?”

“आता… नुसती टेकडी.”

पंचा टेकडीवर सरकला. “आता?”

“अक्षरं झिंगल्यागत झुलताहेत.”

“जपून हो गुरुजी,” बँडमास्तर कुजबुजला, “कव्हर मामाचं आहे. न विचारता आणलंय.”

गुरुजींनी पंचा उचलला. थोरला पाहतच राहिला. अक्षरे ज्वालामुखीच्या तोंडातून धूर होऊन वर चालली होती. खाली बारीक, वर जाता जाता रुंद. एकाचे पोट जिथे आत गेले, तिथे शेजारच्याची पाठ नेमकी बसली होती.

“मागं दोन नावं छापली आहेत,” गुरुजी म्हणाले. “चित्र एकाचं, अक्षरं दुसऱ्याची. चित्रकाराला आभाळ भरता येत नव्हतं असं नाही. धूर दुसऱ्याच्या हातून यायचा होता, म्हणून त्यानं ते सोडलं. तो धूर नसता तर त्याचा डोंगर पेटलेला कुणाला कळला असता? तू धाकट्याची जागा अडवलीस, बाबा, आणि गुदमरले तुझेच घोडे. हे कव्हरवाले दोघंही एकमेकांवर जळत असतील. मला काय ठाऊक? कव्हरवर मात्र दिसत नाही.”

थोरल्याने पांढऱ्या रंगात कुंचला बुडवला. मोरापाशी हात अडखळला, मग फिरला. मोर गेला, कमान गेली, झुंबरही गेले. तो धाकट्याकडे न पाहताच म्हणाला, “बोल, अजून किती जागा पाहिजे तुला?”

“घोडे राहू दे, दादा. त्यांच्या शेपट्या तेवढ्या खाली घे. अक्षरं तिथूनच धुळीसारखी उधळतो.”

थोरल्याने शेपट्या खाली घेतल्या.

मत्सर मनातून जायला वेळ लागतो. तोवर हाताने जागा सोडायला हरकत नसावी.