दर्याची पथारी

एक होती राणी. राजाही होता, पण तो आपली गोष्ट सुरू व्हायच्या आधीच गेला, बरं का. म्हणून ही राणीचीच गोष्ट. तिचं नाव चंद्रावळ. तिला एक लेक होती, पवळा. आणि त्यांचं राज्य कुठं होतं? नदी संपते आणि दर्या सुरू होतो ना, तिथं. एका खाडीच्या तोंडाशी.

राजा कसा गेला, विचाराल. उधाणात गेला. उधाण म्हणजे मोठ्ठी भरती. एका पावसाळ्यात असं उधाण आलं, की गावाचा मातीचा बांध फुटला आणि पाणी घराघरांत शिरलं. राजा होडी घेऊन लोकांची पोरं काढायला गेला. पोरं आली, होडी आली, राजा काही आला नाही. पवळा तेव्हा पाळण्यात होती.

तेव्हापासून राणीच्या जिवाला घोर लागला. जेवताजेवता घास हातात धरून थांबायची, म्हणायची, "पाणी वाजतंय का गं?"

दासी म्हणायच्या, "नाही राणीसाहेब, माडाच्या झावळ्या वाजताहेत."

तरी ती उठून बघून यायची. घास पानातच राहायचा. पवळा जरा मोठी झाली, अंगणात पळायला लागली, की राणीचे डोळे तिच्या पावलांवर. पोर दिसेनाशी झाली की ही हाका मारत धावायची.

मग राणीनं काय केलं? घाटावरून एक पाथरवट बोलावला. कान्हू पाथरवट. त्यानं बांधलेली भिंत हत्तीनं ढकलली तरी हलायची नाही, असं लोक म्हणत. राणी त्याला म्हणाली, "मला अशी भिंत बांधून द्या, की दर्याचा थेंबसुद्धा आत येणार नाही."

कान्हूनं किनारा फिरून पाहिला. म्हणाला, "बांधतो, राणीसाहेब. दगड डोंगरात आहे. पण दगड सांधायला चुना लागेल, आणि चुन्याच्या भट्ट्या पेटत्या ठेवायला लाकूड लागेल. थोडंथोडकं नाही. रानच्या रान लागेल."

रान तर समोरच होतं. गाव आणि दर्या यांच्या मधे तिवरांचं रान होतं. तिवर पाहिलंय का तुम्ही? खाऱ्या चिखलात उभं राहतं ते झाड. त्याची मुळं चिखलातून बोटांसारखी वर येतात. भरतीला ते कमरेएवढ्या पाण्यात असतं, ओहोटीला चिखलात. त्या मुळांच्या जाळ्यात खेकडे असतात, कोळंबीची पिल्लं असतात, वर बगळे असतात. आणि डास! डास तर विचारू नका. गावाला त्या रानाचं काही कौतुक नव्हतं. राणी म्हणाली, "तोडा." कुणीसुद्धा नको म्हटलं नाही.

मग भट्ट्या पेटल्या. तिवरं जळली. चुना झाला. भिंत उभी राहिली, काळीभोर, लांबच लांब. नदीचं पाणी बाहेर सोडायला तिच्यात एक लोखंडी दार ठेवलं. पुढच्या पावसाळ्यात उधाण आलं, भिंतीवर धडका मारल्या आणि मागं फिरलं. एक थेंब आत आला नाही! लोकांनी ढोल बडवले. राणी त्या दिवशी पोटभर जेवली.

आणि भिंत चांगलीच होती हो, खोटं कशाला बोलू? आतली जमीन सुकली. तिथं भात पिकलं. ज्यांना घर नव्हतं त्यांनी तिथं घरं बांधली, तिला नवी वाडी म्हणायला लागले. पूर्वी दरवर्षी सगळं गाव मिळून मातीचा बांध घालायचं. आता ते कामच उरलं नाही. जो तो आपल्या दाराशी बसायला लागला.

अशी काही वर्षं गेली. आणि एकदा काय झालं, भर दुपारी डोंगरावरच्या राजवाड्याच्या दाराशी एक माणूस आला. ऊन कडक, पण हा नखशिखांत ओला. केसांतून पाणी गळतंय, अंगाला मिठाचा वास.

तो म्हणाला, "बाई, तुमच्या गावाबाहेर माझी पथारी होती. मी लांबून चालून येतो, दमतो, तिथं घटकाभर पडतो आणि परत जातो. माझी पथारी कुणी उचलली?"

राणीला वाटलं, असेल कुणी वाटसरू. ती म्हणाली, "दादा, पथारीचं मला ठाऊक नाही. धर्मशाळेत जागा आहे, तिथं पडा."

तो गेला, पडला. संध्याकाळी दासी बघायला गेली तर माणूस नाही. घोंगडी ओलीचिंब, आणि जमिनीवर मीठ फुललेलं. दुसऱ्या दिवशी धर्मशाळेच्या विहिरीचं पाणी काढलं, तर ते खारट!

राणीनं ते स्वतः चाखून पाहिलं आणि तिला दर्या आठवला. पण ती कुणाला बोलली नाही.

मग पुन्हा तो आला. आता दाढी पिकली होती, पाय ओढत होता. "बाई, कालपरवा झोप लागली नाही मला. तुमच्या भिंतीपाशी उभा राहून राहून माझे पाय भरून आले. कुठंतरी टेकू द्या."

राणीनं त्याच्याकडे नीट पाहिलं नाही. पाहायची हिंमतच झाली नाही तिला. घाईघाईनं म्हणाली, "आजोबा, शेतावर मांडव आहे. तिथं जा."

तो मांडवात निजला. आणि नव्या वाडीचं हिरवंगार भात टोकांपासून पिवळं पडत गेलं. कोळणी जाळी झटकत घरी यायला लागल्या. खाडीत मासळी नाही. असेल कुठून? पिल्लं वाढायची ती जागाच भट्टीत गेली होती ना. लोक कुजबुजायला लागले. राणी गच्चीवरून हलेना. कान्हूला बोलावून विचारी, "भिंतीला भेग आहे का?" कान्हू हात फिरवून बघे आणि सांगे, "केसाएवढीसुद्धा नाही." पण पाणी भेगेतून येत नव्हतंच. ते जमिनीखालून येत होतं, मुकाट्यानं.

हं म्हणताय ना? झोपला नाहीत ना अजून?

मग श्रावण लागला. पवळा अंगणात चिंचोक्यांनी खेळत होती. राणीनं आतून पाहिलं, तर पोरीसमोर एक म्हातारा उकिडवा बसलेला. इतका थकलेला, की मान छातीवर पडत होती. त्यानं पवळाच्या डोक्यावरून हात फिरवला. पोरीचे केस ओले झाले.

राणी धावत गेली, पवळाला ओढून पाठीशी घातलं. आणि पहिल्यांदा तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. डोळे हिरवे-निळे, आणि तळच नव्हता त्यांना.

"तू दर्या आहेस," राणी म्हणाली.

"होय बाई."

"माझा राजा नेलास तू."

दर्या म्हणाला, "मी झोपेत होतो. त्या एकदाच पथारीतली पकड सुटली आणि झोपेत कुशीवर वळलो. मला कळलंच नाही."

"मग मी तुला जागा का देऊ?"

"नको देऊ. तुझा राग खरा आहे. पण तुला सांगून ठेवतो. पुनवेला मी येईन तेव्हा उभा राहू शकणार नाही. माझी पथारी होती, तिथं मुळांचं जाळं होतं. त्यात हातपाय गुंतवून मी पडायचो, मग मला सहसा वळता यायचं नाही. आता धरायला काही नाही. झोप आली की मी जिथं असेन तिथं पडेन. भिंतीवर पडलो तर भिंतीवर."

एवढं बोलून तो उठला आणि गेला. अंगणात ओल्या पावलांची रांग राहिली. पवळा म्हणाली, "आई, ते आजोबा रडत होते."

राणीच्या मनात आलं, पवळाला घ्यावं आणि घाटावर निघून जावं. खरंच आलं. तिनं पालखीसुद्धा मागवली. पण पालखी दाराशी आली, तेव्हा नव्या वाडीतली पोरं तिच्याभोवती नाचायला लागली. पालखी बघायला आली होती बिचारी. राणीनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि पालखी परत पाठवली.

मग तिनं गाव गोळा केलं आणि झालं ते सगळं सांगितलं. काहींनी ऐकलं, काही हसले. नव्या वाडीतली भागी उभी राहिली. कडेवर मूल, पदर खोचलेला.

"राणीसाहेब, तुम्हीच म्हणालात, इथं घरं बांधा. आता तुम्हीच म्हणता, उठा. आम्ही जायचं कुठं?"

"माझ्या घरी," राणी म्हणाली. "डोंगरावरचा राजवाडा तुमचा. माझी डोंगरातली शेतं आपण वाटून खाऊ. चूक माझी होती भागी, पण मला एकटीला ती निस्तरता येत नाही. पुनवेपर्यंत मला हात द्या."

भागी आपल्या विहिरीचं पाणी रोज चाखत होती, ते खारट होत चाललं होतं. तिनं मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि घर आवरायला गेली. तिच्यामागं मग बाकीचे.

राणी कान्हूकडे गेली. "भिंतीतून वाट काढायची आहे."

कान्हूचा चेहरा पडला. "यातला एकेक दगड मी हातानं बसवलाय."

"म्हणून तर तुम्हालाच सांगते. कुठले दगड काढले, तर भिंत उभी राहील आणि पाणीही येईल-जाईल?"

कान्हूनं भिंतीला कपाळ टेकलं. मग खडू काढला आणि खुणा करायला लागला. ओहोटी असेल तेवढा वेळ लोक दगड काढत. त्यानं भिंतीत कमानी उघडल्या. नव्या वाडीच्या अलीकडं, गावाच्या बाजूला नवा बांध घातला, आणि तो घालायला सगळं गाव चिखलात उतरलं. कित्येक वर्षांनी उतरलं. कुणाला कुणाची नावंसुद्धा आठवत नव्हती.

पण पथारीचं काय? तिवरांच्या शेंगा लांबच्या खाडीतून आणून भिंतीच्या आत, पाणी यायला लागलं होतं त्या चिखलात रोवल्या. त्यांची रोपं व्हायला वर्षं लागणार, आणि पुनव तर आली.

तेव्हा राणी म्हणाली, "झाडं नाहीत, तर गोधड्या अंथरू."

लोक बघतच राहिले. पण कुणालाच दुसरं काही सुचत नव्हतं. मग घराघरांतून गोधड्या आल्या. ठिगळांच्या, मऊ झालेल्या, बाळंतिणीच्या, म्हाताऱ्यांच्या. जुन्या तिवरांचे बुंधे चिखलात उरले होते, त्यांना गोधड्यांची टोकं घट्ट बांधली. राणीनं राजाची शाल आणली होती. ती हातातून सुटत नव्हती. शेवटी तीही अंथरली.

पुनवेला भर दुपारी पाणी आलं. आधी वारा पडला. मग काळसर पाणी, त्यावर फेस, ओंडके, कमानींतून आत, आत. गोधड्या भिजल्या, फुगल्या, खाली गेल्या. नव्या वाडीच्या कुडाच्या भिंती बसल्या, छपरं तरंगायला लागली. भागीनं तोंडात पदर कोंबला. पाणी थांबेचना.

राणी बांधाच्या खालच्या पायरीवर बसली होती. पाणी तिच्या घोट्याला आलं, गुडघ्याला आलं. तिला उठून पळावंसं वाटत होतं. वरून पवळा हाका मारत होती. पाणी कमरेला आलं.

मग राणीनं हात पुढं केला, आणि पाण्याला थोपटायला लागली. पवळाला थोपटायची ना, तसं. पहिल्यांदा हात रागानंच पडत होता, चपचप आवाज यायचा. राग गेला नव्हता तिचा. थोपटता थोपटता ती रडायला लागली. रडता रडता हात हळू झाला. "नीज," ती म्हणाली. "नीज बाबा. दमलास. नीज आता."

पाणी छातीपर्यंत आलं.

आणि तिथं थांबलं. लाटांचा आवाज खाली खाली गेला. नुसता श्वास ऐकू यायला लागला. आत, बाहेर. आत, बाहेर. बांधावर कुणी बोलत नव्हतं. तान्ही पोरंसुद्धा गप्प.

घटकाभरानं पाणी उतरायला लागलं. दर्या उठला, आपल्या वाटेनं गेला. गाव जिथल्या तिथं होतं. नवी वाडी गेली, भिंतीचं एक टोक गेलं. माणूस मात्र एकही गेलं नाही.

मग काय झालं? तिवरं वाढली. हळूहळू वाढली, आधी पवळाच्या गुडघ्याएवढी, मग तिच्या डोक्यावर. खेकडे आले, कोळंबी आली. डासही आले, त्यांना कोण अडवणार! विहिरी गोड व्हायला पुष्कळ पावसाळे लागले. भागी राजवाड्यातच राहिली, आणि राणीशी कशाकशावरून भांडायची, तरी दोघी एका चुलीवर जेवायच्या. कान्हूनं घाटावर परत जायचं म्हटलं आणि गेलाच नाही. पवळा मोठी झाली, होडी वल्हवायला शिकली. राणीला भीती वाटायचीच, पण तिनं तिला जाऊ दिलं.

अशी ती सगळी सुखात राहिली, थोडी चिखलात, थोडी कोरड्यात. तुम्हीही तशीच राहा, बाळांनो. चला, दिवा बारीक करते. पाय पांघरुणात घ्या, आणि मिटा बघू डोळे.