कोरकू पुस्तकांचा वाचक

मेळघाटाच्या पायथ्याशी एका गावातल्या ग्रंथालयात यमुनाबाई खंडारे ग्रंथपाल होत्या. तिथल्या एका कपाटात शंभर वर्षांपूर्वी छापलेली चाळीस कोरकू पुस्तकं होती. यमुनाबाई त्यांना जिवापाड जपत.

एकदा शहरातून मोठे साहेब पाहणीला आले. कपाट उघडताच त्यांनी नाक मुरडलं. "ही भाषा वाचतं कोण? ज्या पुस्तकांना वाचक नाही, ती आजच रद्दीत काढा."

यमुनाबाई शांतपणे म्हणाल्या, "काढते साहेब. फक्त प्रत्येक पुस्तकात काय आहे, याची आधी नोंद करावी लागते. तेवढं वाचून सांगता का?"

"मला कुठे येते कोरकू? थांबा, वाचणारा आणवतो!"

साहेबांनी ड्रायव्हरला बाजारात पिटाळलं. तो हिराजी कासदेकर नावाच्या म्हाताऱ्याला घेऊन आला. हिराजींनी चष्मा लावून पहिलं पुस्तक उघडलं आणि ते मोठ्याने वाचू लागले. "ही तर आमच्या आजीची गाणी!" म्हणत ते पुढे वाचतच राहिले.

"कळलं, गाणी आहेत," साहेब वैतागून म्हणाले. "बाई, करा नोंद."

यमुनाबाईंनी रजिस्टर उघडलं. "पुस्तकं काढण्याचं कारण काय लिहू?"

"लिहा, वाचक नाही."

"लिहिते. आणि खाली साक्षीदार म्हणून या वाचकाचीच सही घेऊ ना?"

साहेबांनी हिराजींकडे पाहिलं. मग त्यांनी रजिस्टर मिटलं.

हिराजींनी मात्र पान उलटलं.