झुबकी आत्याच्या सायकलची हवा

बाभळीवर राहायची एक खार. तिचं नाव झुबकी. एवढीशी खार, पण तोरा केवढा! तोरा असणारच. तिच्या भावाला मुलगी झाली होती. म्हणजे झुबकी झाली होती आत्या.

आज होतं बारसं. बारशाला आत्या हवीच. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. आत्या नाही, तर नाव नाही.

झुबकीने करवंटीचा पाळणा सायकलच्या मागे बांधला. पायडल मारलं. आणि फुस्स! चाकातली हवा गेली. भावाचं घर टेकडीवर. पाळणा जड, टेकडी उंच. आता जायचं कसं? झुबकीला रडूच आलं.

तुरु तुरु तुरु, सायकल ढकलत गेली साळिंदरमामाच्या सायकलच्या दुकानात. मामा कधी टायरजवळ जात नसे. गेला की काटा टोचलाच! तो म्हणाला, पंप निवड आणि तूच भर हवा.

झुबकी मोठा पंप उचलायला गेली. उचलेचना. बॅटरीचा पंप दाबला. तो गुर्र म्हणाला आणि झोपला. त्याला चार्जच केलं नव्हतं. कोपऱ्यात होता छोटा पंप. हातात मावला. पाळण्यातही मावला.

"हाच माझा," झुबकी म्हणाली. "वाटेतसुद्धा सोबत येईल."

छोटा पंप म्हणाला, "माझा घसा कोरडा. आधी तेल दे, मग हवा देतो."

तुरु तुरु तुरु, गेली घाण्याच्या बैलाकडे.

"बैलदादा, बैलदादा, तेल दे.
तेल पंपाला,
हवा चाकाला,
आणि मी चालले बारशाला!"

बैल म्हणाला, "माझं पोट रिकामं. आधी गवत दे, मग तेल देतो."

तुरु तुरु तुरु, गेली गवताकडे.

"गवतदादा, गवतदादा, पाती दे.
पाती बैलाला,
तेल पंपाला,
हवा चाकाला,
आणि मी चालले बारशाला!"

गवत म्हणालं, "मी गेलो सुकून. आधी पाणी दे, मग पाती देतो."

तुरु तुरु तुरु, गेली पाटाच्या पाण्याकडे.

"पाणीदादा, पाणीदादा, धार दे.
धार गवताला,
पाती बैलाला,
तेल पंपाला,
हवा चाकाला,
आणि मी चालले बारशाला!"

पाणी म्हणालं, "वाटेत बसलाय दगड. आधी धक्का दे, मग धार देतो."

झुबकीने दगड ढकलला. हुश्श! दगड कसला हलतोय.

तुरु तुरु तुरु, गेली खेकडेकाकांकडे.

"खेकडेकाका, खेकडेकाका, धक्का द्या.
धक्का दगडाला,
धार गवताला,
पाती बैलाला,
तेल पंपाला,
हवा चाकाला,
आणि मी चालले बारशाला!"

खेकडेकाका म्हणाले, "माझं पिल्लू रडतंय. आधी त्याला हसव, मग धक्का देतो."

पिल्लू रडत होतं ट्यँ ट्यँ ट्यँ. झुबकी दमली होती. पाय दुखत होते. पण पिल्लू रडतंय म्हटल्यावर आत्याला राहवतं का? तिने आपली शेपटी पिल्लाच्या पोटावर फिरवली. गुदुगुदु, गुदुगुदु.

पिल्लू हसलं, खुदुखुदु.
काकांनी दिला धक्का, गडगड गडगड.
पाण्याने दिली धार, खळखळ खळखळ.
गवताने दिली पाती, सळसळ सळसळ.
बैलाने खाल्ली, आणि घाणा फिरला, कर्र कर्र.
तेल आलं, ठिप ठिप.
पंपाने दिली हवा, फस् फस् फस्.
आणि चाक फुगलं टम्म!

झुबकी निघाली. टिंग टिंग, टिंग टिंग. अर्धी टेकडी चढली आणि पुन्हा फुस्स! पण आता काय चिंता? पाळण्यात पंप होताच. फस् फस् फस्. चाक टम्म. टिंग टिंग, टिंग टिंग.

इकडे भावाच्या घरी सगळे खोळंबले होते. घुगऱ्या गार झाल्या. बाळ जांभया देऊ लागलं. शेजारची घूस म्हणाली, उशीर झाला, मीच ठेवते नाव.

"नको," भाऊ म्हणाला. "आमची आत्या येणार."

आणि टिंग टिंग! आत्या आली.

पाळणा टांगला. बाळ पाळण्यात निजवलं. झुबकी वाकली. तिने बाळाच्या इवल्याशा कानात म्हटलं, "कुर्र! झुळूक."

लगेच सगळ्यांनी आत्याच्या पाठीत धपाटे मारले, धप धप धप. हाच तर आत्याचा मान! झुबकीची पाठ लाल झाली, तरी ती हसतच होती.

"झुळूक," भावाने हाक मारली.

बाळाने डोळे उघडले आणि त्याच्याकडे पाहिलं.

आता तू सांग, तुझ्या कानात कुर्र कुणी केलं?