पडक्या देवळातला हंस

एका डोंगराळ राज्यात देमाजी नावाचा एक पाथरवट राहत होता. त्याचा हात चांगला होता, आणि तो चांगला आहे हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

राजाला नवं देऊळ बांधायचं होतं. त्याने देमाजीला बोलावून सांगितलं, "रानातल्या जुन्या देवळाच्या भिंतीवर हंसांची रांग आहे. त्यातला एक हंस फुटून पडलाय. त्याच्या जागी नवा घडवा. जुन्यात शोभला, तर नव्या देवळाचं काम तुमचं."

"एवढंच ना?" म्हणत देमाजी निघाला.

देऊळ पार ढासळलं होतं. कळस जमिनीवर आला होता, गाभाऱ्यात वडाची मुळं शिरली होती. पण भिंतीवरचे हंस पाहून देमाजीचं तोंड उघडंच राहिलं. एकासारखा दुसरा नव्हता. कुणी मान वळवून पाठ खाजवत होता, कुणी पिल्लाला पंखाखाली घेत होता. एकाने तर पाय असा उचलला होता, की आता उडेल असं वाटावं! देमाजीने त्याच्या पिसांवरून बोट फिरवलं. दगड इतका हलका करता येतो? त्याचे डोळे भरून आले.

मग त्याने जीव ओतून आपला हंस घडवला. नवा दगड उठून दिसू नये म्हणून रिवाजाप्रमाणे त्याला तेल-काजळी चोळली.

राजा दरबाऱ्यांसह पाहायला आला. रांग न्याहाळत तो नेमका त्या उडू पाहणाऱ्या हंसापाशी थांबला. "वा, देमाजी! काय हंस घडवलात! काम तुमचंच." दरबाऱ्यांनी लगेच माना डोलावल्या. त्यांना हंस आणि बदक यांतला फरकही सांगता आला नसता.

देमाजी नुसता गप्प राहिला असता, तरी काम त्याचंच होतं. त्याने मान खाली घातली. पण नजर पुन्हा त्या हंसाकडे गेली आणि त्याला राहवेना.

"महाराज, हा माझा नाही. माझा तो, पलीकडचा."

राजाने पलीकडचा हंस पाहिला. "तोही वाईट नाही."

"वाईट नाही, महाराज. पण तो उभाच राहील. हा उडेल."

"बोलला नसतात, तर आम्हाला कळलंही नसतं. काम नको होतं का तुम्हाला?"

"फार हवं होतं. पण याला माझा म्हटलं, तर उद्या याच्यासमोर शिकायला कसा बसू?"

राजाने त्या उडू पाहणाऱ्या हंसाकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाला, "देऊळ तुम्हीच बांधा. पण घाई करू नका. आधी हवे तितके दिवस इथे बसा."

तात्पर्य: दुसऱ्याच्या थोर कामाला जो मनापासून दाद देतो, त्यालाच त्यातून शिकता येतं; ते काम आपलं म्हणून मिरवणाऱ्याची वाढ तिथेच थांबते.