आवाहनाचं रेकॉर्डिंग

“आणि ही बटणं फिरवली की माझा घसा बरा होतो?” अंबादासबाबांनी विचारलं.

“घसा नाही बाबा. पण आवाज बरा ऐकू येतो,” दिगंबर म्हणाला.

यमाईच्या टेकडीवर, देवळाच्या ओसरीत त्याने आपला डीजेचा मिक्सर मांडला होता. आठ वर्षं तो बाबांच्या हाताखाली गोंधळ शिकला होता. मग एक दिवस संबळ खाली ठेवून निघून गेला आणि डीजे झाला. आता पाच तालुक्यांत त्याचं नाव होतं.

बाबांना घशाचा कॅन्सर झाल्याचं कळलं, तसा तो धावत आला. सोमवारी ऑपरेशन होतं. त्यानंतर आवाज राहणार नव्हता. आणि देवीला बोलावण्याचं सात कडव्यांचं पद बाबांखेरीज कुणालाच पुरतं येत नव्हतं.

“हे बघा. या बटणाने आवाज किती आत घ्यायचा ते ठरतं. ही तीन बटणं खालच्या, मधल्या आणि वरच्या सुरांची. ही पट्टी वर सारली की आवाज चढतो. ही आडवी सारली की एका गाण्यातून दुसऱ्यात शिरायचं, कुणाला पत्ताही लागत नाही. आणि हेडफोनवर लोकांच्या आधी मला ऐकू येतं.”

“लोकांच्या आधी...” बाबा पुटपुटले. “आणि साठवतोस कुठे?”

“पेनड्राइव्हवर. नाहीतर लॅपटॉपवर. तिथे प्रत्येक माइकचा आवाज वेगळा उतरतो. खोकला आला तर कापता येतो. दम तुटला तर सांधता येतो. तुम्ही फक्त गा. तुमचं पद मी मरू देणार नाही.”

बोलता बोलता त्याची छाती फुगली होती.



दिगंबरने एक माइक बाबांपुढे लावला. दुसऱ्यात त्याने पदाचं नाव आणि तारीख सांगितली आणि तो तसाच चालू आपल्यापुढे ठेवला. मग कानांवर हेडफोन चढवला.

बाबांनी तुणतुणं छेडलं.

पहिलं कडवं स्वच्छ निघालं. दुसरंही. दिगंबरची नजर मिक्सरच्या दिव्यांवर होती. लाल लागला की पट्टी जरा खाली, हिरवा लागला की बोट स्थिर.

तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर बाबांचा आवाज फाटला. खोकल्याची उबळ आली. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. नुसती हवा निघाली.

“थांबा बाबा, पाणी घ्या. मधलं मी काढून टाकतो.”

बाबांनी पाणी घेतलं नाही. पुढे वाकून त्यांनी दिगंबरच्या डोक्यावरचा हेडफोन दोन्ही हातांनी उतरवला आणि जमिनीवर ठेवला.

मग पुन्हा तुणतुणं वाजवू लागले. नजर दिगंबरच्या तोंडाकडे.

“मला नाही येत, बाबा. मी अर्ध्यात सोडून गेलो...”

तुणतुणं थांबलं नाही.

संबळ वाजवताना शेकडो वेळा कानांवरून गेलेलं ते पद दिगंबरने चाचरत उचललं. तिसरं कडवं पुरं झालं. चौथं झालं. पाचव्यात शब्द निसटला. बाबांचे ओठ हलले, त्याने ओठांवरून शब्द टिपला. सहाव्यात दिव्यांकडे बघायचं राहूनच गेलं. सातव्यात देवीला हाक घालताना त्याला रडू फुटलं, तरी त्याने हाक पुरी केली.

...

बऱ्याच वेळाने त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि लॅपटॉप पुढे ओढला.

“सगळं उतरलंय बाबा. दोघांचे आवाज वेगवेगळे आहेत.” त्याची मान खाली गेली. “माझा फार कच्चा लागलाय. जागोजागी चुकलोय. तुमची अडीच कडवी ठेवतो आणि माझा पुसून टाकतो.”

बाबांनी त्याचं मनगट धरलं. आवाज जेमतेम फुटला.

“माझा पूस.”