उजवीकडे सरकलेलं गाव

“मी कुणाच्या बापाला भीत नाही,” असं बहिर्जी तांबट सांगायचा, पण दाराला आतून कडी घालून.

न्यायाधीशाची गादी तहहयात असावी की पाच वर्षांची, यावर राजानं रयतेचं मत मागवलं. न्यायाधीश त्र्यंबकशास्त्र्यांनी ते आपल्याच कचेरीत, भालाइतांच्या पहाऱ्यात घेतलं.

“तहहयातवाले उजवीकडे!”

सगळं गाव उजवीकडे सरकलं. बहिर्जीही सरकला. भाऊ कैदेत, उद्या शास्त्र्यांपुढेच निकाल.

शास्त्री खूश झाले. “बघा, एकमत! काय रे तांबटा, थरथरतोस का?”

भीतीनं बहिर्जीच्या तोंडून निघूनच गेलं, “सरकार, भालाईत शेजारी असताना दिलेली साक्ष तुम्हीच बाद करता ना? मग आमची ही मतं कशी धरणार?”